पोटातले जंतू, मेंदूतला फुगा

१

दादा गेला त्याला येत्या मार्गशीर्षात चार वर्षं होतील. सकाळी ओट्यावर पेपर वाचत बसला होता. "डोक्यात कुणीतरी घण घातला गं," एवढंच वहिनीला म्हणाला, मानेला हात लावला, मोठी उलटी झाली आणि खुर्चीतच कलंडला. गावाहून सांगलीला न्यायला दीड तास लागला. स्कॅनच्या फिल्मवर मेंदूच्या तळाशी पसरलेलं रक्त पांढऱ्या डागासारखं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, "ॲन्युरिझम होता. मेंदूतल्या धमनीला फुगा आलेला असतो, तो फुटला." तिसऱ्या दिवशी पहाटे दादा गेला. वय ५८.

बाराव्या-तेराव्याला घर भरलेलं असतं आणि प्रत्येकाकडे एक कारण असतं. कुणी म्हणालं दगदग, कुणी म्हणालं नजर. स्वयंपाकघरात कुणीतरी म्हणालं, "पोट कुठे धड होतं त्यांचं? आधी पोट बिघडतं, मग बाकीचं." वहिनी तिथेच भाजी निवडत होत्या. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत.

गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. भाचीने मोबाइलवर एक बातमी वाचून दाखवली होती. पोटातल्या जंतूंमुळे मेंदूतली रक्तवाहिनी फुगते, असा काहीसा मथळा. "भाऊजी, तुम्ही जन्मभर जंतूंचंच शिकवलंत ना? मग एक खरं सांगा. ह्यांना तीस वर्षं जेवायला मीच घालत होते. पोटात गेलं ते माझ्याच हातचं. मग..." पुढचं त्यांना बोलवेना.

मी ३१ वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. "असं काही नसतं वहिनी" असं म्हणून फोन ठेवता आला असता. पण ते खोटं ठरलं असतं, कारण असं काही तरी आहे. "हो" म्हणणं तर त्याहून खोटं. मी त्यांच्याकडे थोडी मुदत मागितली आणि वाचायला बसलो. वाचता वाचता कळलं, की वहिनींचा प्रश्न मोबाइलच्या बातमीपेक्षा पुष्कळ जुना आहे. तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये विचारला गेला होता, आणि त्याचं घाईघाईने दिलेलं उत्तर अनेकांच्या जिवावर बेतलं होतं. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशेब आहे.

२

आधी फुग्याविषयी. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं आहे. टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं, म्हणून ते विलिसचं कडं. त्याच्या ग्रंथातल्या आकृत्या काढणारा क्रिस्टोफर रेन पुढे लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा शिल्पकार झाला. या कड्यात धमन्यांना जिथे फाटे फुटतात तिथे रक्ताचा लोंढा भिंतीवर सतत आपटत असतो. एखाद्याच्या बाबतीत तिथली भिंत हळूहळू पातळ होते, बाहेर येते आणि देठाला लागलेल्या लहानशा करवंदासारखी लोंबू लागते. यालाच मराठी वैद्यकीय परिभाषेत धमनीविस्फार म्हणतात. शंभर प्रौढांमध्ये साधारण तिघांच्या डोक्यात असा फुगा असतो आणि बहुतेकांना तो मरेपर्यंत कळतही नाही. न फुटलेल्या फुग्यांपैकी वर्षाकाठी सरासरी शंभरात एखादाच फुटतो. पण फुटला की दादासारखं होतं.

हा आजार पुष्कळ काळ फक्त शवविच्छेदनाच्या टेबलावरच भेटायचा. मिलानच्या फ्रान्चेस्को बिउमीने १७६५ मध्ये फुटलेल्या फुग्याची नोंद केली. जिवंत माणसाच्या डोक्यातला फुगा दिसायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. लिस्बनच्या एगास मोनिझने १९२७ मध्ये मानेतल्या धमनीत क्ष-किरणांना अडवणारं औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं चित्र घेतलं. १९३७ मध्ये बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडीने कवटी उघडून अशा फुग्याच्या मानेला चांदीचा चिमटा लावला आणि रुग्ण वाचला. १९९१ मध्ये ग्विदो गुलिएल्मीने मांडीतल्या धमनीतून वर नेलेल्या नळीतून फुग्यात प्लॅटिनमच्या तारेचं भेंडोळं भरण्याची रीत प्रसिद्ध केली. फुगा बंद कसा करायचा हे असं टप्प्याटप्प्याने कळत गेलं. तो मुळात येतो कशाने, हा प्रश्न मागेच राहिला.

जंतूंचा संबंध एका प्रकारात लवकर कळला होता. १८८५ मध्ये लंडनला दिलेल्या व्याख्यानांत विल्यम ऑस्लरने हृदयाच्या झडपांवर जंतू बसलेल्या रुग्णांचं वर्णन केलं. एका रुग्णाच्या महाधमनीवर फुगवटे आले होते. ते त्याला ताज्या अळंबीसारखे वाटले, म्हणून त्याने त्यांना 'मायकॉटिक' म्हटलं. नाव बुरशीचं, पण बहुतेक वेळा काम जीवाणूंचं; हे चुकीचं नाव आजही पुस्तकांत टिकून आहे. झडपेवरून सुटलेली जंतूंची गुठळी मेंदूच्या धमनीत अडकली, तर तिथेही भिंत कुजून असा फुगवटा येतो. पण हा प्रकार विरळा. दादाच्या डोक्यात होता तसल्या करवंदी फुग्यात ऑस्लरचे जंतू नसतात. त्यामुळे त्याचं खापर जन्मजात दुबळ्या भिंतीवर फोडून वैद्यक बराच काळ गप्प राहिलं. पुढे धूम्रपान, रक्तदाब, घराण्यातला वारसा अशी कारणं पुढे आली. स्त्रियांमध्ये प्रमाण जास्त, हेही दिसलं. पोटाचं नाव या यादीत कुठेच नव्हतं.

३

पोट आणि धमन्या यांचा संबंध जोडणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला तो परळला. विद्यार्थी असताना हाफकिन संस्थेत माझं काही दिवस जाणं-येणं होतं. वाल्डेमार हाफकिनने १८९६ च्या प्लेगच्या साथीत मुंबईला येऊन लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असतं. तो ओडेसाच्या विद्यापीठात कुणाचा शिष्य होता हे सहसा सांगितलं जात नाही. त्याचा गुरू होता एली मेचनिकॉव्ह.

मेचनिकॉव्ह १८४५ मध्ये खारकोव्हजवळ जन्मला. पहिली बायको क्षयाने गेली तेव्हा त्याने मॉर्फीन घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला होता. मरणाचं भय आणि म्हातारपणाचा तिटकारा त्याला आयुष्यभर पुरला. १८८२ च्या शेवटी विद्यापीठाची नोकरी सोडून तो सिसिलीत मेसिनाला राहत होता. घरची मंडळी सर्कस बघायला गेली असताना तो एकटाच सूक्ष्मदर्शकात ताऱ्यामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळ्या बघत बसला होता. त्यांच्या अंगातल्या फिरत्या पेशी बघताना त्याला वाटलं, या पेशी शरीराच्या राखणदार असतील तर बाहेरून काही घुसल्यावर त्या तिकडे धावायला हव्यात. बागेतले गुलाबाचे काटे आणून त्याने अळ्यांच्या कातडीखाली खुपसले. दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा. भक्षक पेशींचा सिद्धान्त तिथे जन्मला. त्यांतल्या मोठ्या पेशींना त्याने मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक, हे नाव दिलं. याच कामासाठी १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिशबरोबर मिळालं.

तोपर्यंत मात्र त्याचं मन दुसरीकडेच गुंतलं होतं. १८८८ पासून तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होता. माणूस म्हातारा का होतो, हा प्रश्न त्याने धरला होता. शार्ल बूशार या फ्रेंच वैद्याने १८८७ मध्ये 'स्वयंविषबाधे'ची कल्पना मांडली होती: आतड्यात जे कुजतं त्याचं विष रक्तात जाऊन शरीर बिघडवतं. मेचनिकॉव्हने ती उचलली आणि पुढे नेली. मोठं आतडं ही माणसाला पूर्वजांकडून मिळालेली नको असलेली वस्तू आहे, जंतूंचं कोठार आहे, असं तो म्हणू लागला. पक्ष्यांना मोठं आतडं जवळपास नसतंच आणि ते आकाराच्या मानाने दीर्घकाळ जगतात, हा त्याचा एक पुरावा. बल्गेरियातले शेतकरी आंबवलेलं दूध पितात आणि पुष्कळ जगतात, हा दुसरा. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हात त्या दुधातला जंतू शोधला. मेचनिकॉव्ह स्वतः रोज आंबट दूध पीत असे. त्याच्या व्याख्यानांचा गाजावाजा झाला आणि औषधांच्या दुकानांत आंबट दुधाच्या जंतूंच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या ताक घुसळणाऱ्या आपल्या आज्यांना याचं हसूच आलं असतं.

आपल्या विषयाला लागून असलेली गोष्ट याच्या पुढची आहे. मेचनिकॉव्हला धमन्यांच्या कडक होण्याचं कोडं पडलं होतं. उपदंशाने आणि दारूने धमन्या बिघडतात हे मानलं, तरी ज्यांना यांपैकी काहीच नाही त्यांच्या धमन्या का बिघडतात? उत्तर आतड्यात असेल असं त्याला वाटलं. जंतू प्रथिनं कुजवतात तेव्हा पॅराक्रेसॉल आणि इंडोल अशी द्रव्यं बनतात. ही द्रव्यं प्राण्यांना दीर्घकाळ देऊन त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या धमन्या तपासल्या. भिंती बिघडलेल्या दिसतात, असं त्याने १९१० मध्ये पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात छापलं. पोटातले जंतू जे द्रव्य बनवतात ते रक्तातून जाऊन दूरच्या धमनीच्या भिंतीला इजा करतं, असं प्रयोगांच्या आधाराने मांडण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न होता.

मेचनिकॉव्ह १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. शंभरी गाठायला निघालेल्या माणसाचं हे वय पाहून टीकाकारांना आयतंच हसायला मिळालं. पण त्याच्या कल्पनेचे खरे हाल त्याच्या हयातीतच सुरू झाले होते.

४

लंडनच्या गाइज हॉस्पिटलात आर्बथनॉट लेन नावाचा शल्यविशारद होता. हात असा सफाईचा, की मोडलेल्या हाडांवर धातूच्या पट्ट्या बसवण्याच्या कामात त्याचं नाव आजही घेतलं जातं. आतड्यात मळ साचला की विष भिनतं, आणि डोकेदुखीपासून नैराश्यापर्यंत सगळं त्यातून येतं, हे त्याच्या डोक्याने घेतलं. मग उपाय सरळ: मोठं आतडंच काढून टाकायचं. त्याने ती शस्त्रक्रिया अनेकांवर केली. त्यात स्त्रियाच अधिक होत्या. थकलेल्या, हडकलेल्या, बद्धकोष्ठाने गांजलेल्या बायका. काही दगावल्या, काहींना जन्मभराचं दुखणं लागलं. १९१३ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषयावर अनेक बैठकांची चर्चा झाली. बाजूने बोलणारे होते, विरोधात बोलणारेही होते; पण विष नेमकं कोणतं हे कुणालाच दाखवता आलं नाही.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन तर याच्याही पुढे गेला. वेड म्हणजे शरीरात कुठेतरी दडलेल्या जंतूंचं विष मेंदूला चढणं, अशी त्याची खात्री. आधी दात उपटायचे, मग टॉन्सिल, आणि तरीही रुग्ण सुधारला नाही तर मोठं आतडं. त्याच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणेही आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर दहांतले तिघे मरत. रुग्ण नको म्हणत. पण वेड्याच्या 'नको'ला कोण विचारतो? फिलिस ग्रीनएकर या तरुण डॉक्टर बाईंनी १९२० च्या दशकात तिथल्या नोंदी तपासून, उपचारांचा दावा खोटा असल्याचा अहवाल लिहिला. तो छापलाच गेला नाही.

स्वयंविषबाधेच्या कल्पनेला उतरती कळा लागली ती साध्या प्रयोगांनी. १९१९ मध्ये वॉल्टर अल्वारेझने मुद्दा मांडला, की बद्धकोष्ठाची डोकेदुखी पोट साफ झाल्यावर काही मिनिटांत जाते. विष रक्तात भिनलेलं असतं तर इतक्या लवकर कसं उतरेल? पाठोपाठ १९२२ मध्ये डोनाल्डसनने स्वयंसेवकांच्या गुदाशयात नुसता कापूस भरून ठेवला, तर तीच डोकेदुखी, तीच मरगळ आली. कापसात कुठलं आलंय विष? ताणामुळे होणारा त्रास विषाच्या नावावर खपला होता.

एवढं झाल्यावर वैद्यकाने जे केलं ते अगदी माणसासारखं केलं. पोळलेला हात मागे घेतला आणि पुन्हा तिकडे बघितलंच नाही. आतड्यातल्या जंतूंचा दूरच्या अवयवांशी संबंध, असं कुणी म्हटलं की ते भोंदूपणाच्या खात्यात जमा होऊ लागलं. मेचनिकॉव्हची १९१० ची धमन्यांची निरीक्षणंही त्याच खात्यात गेली. माझ्या विद्यार्थिदशेतल्या पुस्तकांत मेसिनाच्या काट्याला पान दीड पान असायचं आणि आंबट दुधाला फार तर तळटीप. मीही ते तसंच शिकवलं. आंबट दुधाचा भाग आला की वर्गात एक विनोद करायचो. पोरं हसायची.

५

ही तळटीप परत मजकुरात आली ती उंदरांमुळे. जंतूंशिवाय प्राणी वाढवण्याची धडपड १८९५ पासूनची. बर्लिनमध्ये नटाल आणि थिअरफेल्डर यांनी सिझेरियनने काढलेलं गिनीपिगचं पिलू निर्जंतुक पेटीत काही दिवस जगवून दाखवलं होतं. पुढे अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठात जेम्स रेनियर्सने अशा जंतुमुक्त उंदरांच्या पिढ्या वाढवल्या. जंतू असलेला आणि नसलेला प्राणी शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येऊ लागली. मेचनिकॉव्हकडे नव्हतं ते हत्यार हे. दुसरं हत्यार म्हणजे विष्ठेतल्या जंतूंची डीएनएवरून शिरगणती. ती या शतकातली.

मला सगळ्यांत भावलेली गोष्ट पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मार्क कानच्या प्रयोगशाळेतली आहे. तिथे मेंदूतल्या एका वेगळ्या, पण शेजारच्या विकारावर काम चालू होतं. यात बारीक रक्तवाहिन्यांचे तुतीसारखे झुबके तयार होतात आणि त्यांतून रक्त झिरपतं. जनुकात बदल केलेल्या उंदरांना हा विकार हमखास होत असे. मग उंदीरखाना नव्या इमारतीत हलवला. तेच उंदीर, तीच जनुकं. पण पुढच्या पिढ्यांत विकार जवळपास नाहीसाच झाला. एखाद्याने हात टेकले असते आणि वर्षांचं काम फुकट गेलं म्हणून रडत बसला असता. यांनी उलट विचारलं: मग ज्या थोड्या उंदरांना अजून होतोय त्यांच्यात वेगळं काय? त्यांच्या पोटात इंजेक्शनमुळे झालेले गळू सापडले आणि त्यात ग्रॅम-निगेटिव्ह गटातले जंतू. या जंतूंच्या वेष्टनातलं लिपोपॉलिसॅकराइड हे द्रव्य रक्तात उतरलं, की मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरचा एक ग्राहक रेणू चेतवला जातो आणि झुबके वाढतात. इमारत बदलली तेव्हा आतड्यातले जंतू बदलले होते. २०१७ मध्ये हे काम 'नेचर'मध्ये आलं.

खुद्द करवंदी फुग्यावरचं काम २०१९ चं, तोमोकी हाशिमोतोच्या गटाचं. उंदरांचा रक्तदाब वाढवून आणि मेंदूभोवतीच्या द्रवात भिंत ठिसूळ करणारं विकर सोडून त्यांच्यात असे फुगे आणता येतात. काही उंदरांना आधी तीन आठवडे प्रतिजैविकांचं मिश्रण पाजून त्यांच्या आतड्यातले जंतू जवळपास साफ केले. जंतू असलेल्यांपैकी ८३ टक्के उंदरांना फुगे आले, जंतू घालवलेल्यांपैकी ६ टक्क्यांना. हा फरक बघून मी चष्मा काढून पुसला.

२०२० मध्ये चिनी संशोधकांनी २८० माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. न फुटलेला फुगा असलेल्या रुग्णांच्या आतड्यात 'हंगाटेला हॅथवेयी' नावाचा जंतू कमी आढळला आणि रक्तात टॉरिन हे द्रव्य कमी. रुग्णांचे जंतू उंदरांना दिले तर त्यांना फुगे जास्त आले. हा जंतू किंवा टॉरिन दिलं तर कमी आले. म्हणजे इथे चोर सापडला नाही, पहारेकरी गैरहजर असल्याचं दिसलं. २०२२ मध्ये ओसाकाच्या गटाने फुगा फुटलेल्या २८ आणि न फुटलेल्या ३३ रुग्णांची तुलना केली. फुटलेल्यांत कॅम्पिलोबॅक्टर या जातीचे जंतू जास्त होते.

आता या सगळ्याची दुसरी बाजू. उंदराचा फुगा काही आठवड्यांत मुद्दाम आणलेला असतो, माणसाचा वर्षानुवर्षांत येतो. एका अभ्यासात एका जंतूचं नाव, दुसऱ्यात दुसऱ्याचं. माणसं थोडी. फुगा फुटून इस्पितळात पडलेल्या माणसाचं खाणं, औषधं, आतड्याची हालचाल सगळंच बदलतं, मग जंतूंमुळे फुटला की फुटल्यामुळे जंतू बदलले? आणि अमुक जंतू दिल्याने किंवा काढल्याने माणसाच्या डोक्यातला फुगा टळतो, असं आजपर्यंत कुणीही दाखवलेलं नाही. कॅप्सूल विकणारे आणि विष्ठेच्या तपासणीचं पॅकेज विकणारे हा भाग गाळतात. शंभर वर्षांपूर्वीच्या आंबट गोळ्या नव्या डबीत आल्या आहेत, एवढंच.

तरी एक गोष्ट मला हलवून गेली. फुग्याची भिंत सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर तिथे गर्दी करून असलेल्या पेशी कोणत्या? मॅक्रोफेज. भिंतीतले तंतू विरघळवणारी विकरं त्या सोडतात. हाशिमोतोच्याच गटाने २०११ मध्ये दाखवलं होतं, की उंदरांतल्या मॅक्रोफेज पेशी घटवल्या तर फुगेही घटतात. आतड्यातल्या जंतूंची द्रव्यं शरीरात मंद दाह पेटता ठेवतात, त्या दाहाने या पेशी चेकाळतात आणि आधीच ताणलेली भिंत कुरतडतात, असं सध्याचं अनुमान आहे. जंतू स्वतः मेंदूत जातच नाहीत. म्हणजे मेचनिकॉव्हला नोबेल देणारी पेशी आणि त्याचं हसं करणारे जंतू, दोघांची गाठ मेंदूच्या धमनीच्या भिंतीत पडली. त्याने पाजलेलं पॅराक्रेसॉलही परत आलं आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या रक्तात साचणारं त्याचंच एक रूप धमन्यांना घातक आहे का, याचा आज गंभीरपणे अभ्यास चालतो.

मेचनिकॉव्हचा संशय रास्त होता. त्या संशयावरून सुरी उचलणाऱ्यांची घाई रास्त नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला आपल्याला शंभर वर्षं लागली, आणि मी ३१ वर्षं पोरांना हसवत राहिलो.

६

वहिनींना उत्तर द्यायला मी गावी गेलो. काय सांगायचं ते ठरवताना मला मेचनिकॉव्हपेक्षा त्याचा शिष्य जास्त उपयोगी पडला.

१९०२ च्या ३० ऑक्टोबरला पंजाबात मुलकोवाल गावी १०७ जणांना हाफकिनच्या प्लेगच्या लशी टोचल्या. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. हे १९ जण एकाच बाटलीतले. चौकशी झाली आणि दोष परळच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनवर आला. त्याचं पद गेलं. खरं तर बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला होता. दूषित प्रयोगशाळेत झालं असतं तर बाटली उघडताच वास आला असता, असे मुद्दे कागदोपत्री होते, पण दोष आधीच वाटून झाला होता. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं तेव्हा कुठे त्याच्यावरचा डाग निघाला. परळच्या संस्थेला त्याचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये.

माणूस गेला की आपण कारण शोधतो, आणि सापडलेलं पहिलं कारण हाताशी असलेल्या माणसाच्या गळ्यात घालतो. लेनच्या काळात ते थकलेल्या बाईच्या आतड्यावर ढकललं होतं. आमच्या घरी ते रांधणाऱ्या बाईच्या हातावर ढकललं.

वहिनींना मी हे सगळं माझ्या परीने सांगितलं. म्हटलं, जंतूंचा काही हात असू शकेल, उंदरांत दिसतोय, माणसांत अजून ठरलेलं नाही. आतड्यात शेकडो जातींचे जंतू, ते जन्मापासून जमत जातात: आईकडून, मातीतून, पाण्यातून, औषधांतून, खाण्यातून. तुमच्या आमटीत दादाच्या डोक्यातला फुगा शोधायचा म्हणजे समुद्रात एका ओंजळीचं पाणी शोधायचं. ज्या दोन गोष्टींचा या फुग्याशी संबंध माणसांत पुन्हा पुन्हा दिसला आहे त्या जुन्याच आहेत: विडी-सिगारेट आणि रक्तदाब.

मग जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं. त्या वर्षी गणपतीत दादाने मला माळ्यावर बोलावलं होतं. आम्ही दोघांनी एकेक सिगारेट ओढली. तेव्हा तो म्हणाला होता, की रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्यात, आता बरं वाटतंय. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा प्राध्यापक. मी म्हटलं, "बघ बाबा, तुझं तू." आणि काडी विझवून खाली आरतीला गेलो.

वहिनी बराच वेळ ताटातले तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं भाऊजी. पाकिटातल्या गोळ्या मीच मोजायचे. एकदा विचारलं तर चिडले. पुन्हा नाही विचारलं."

मी म्हटलं, गोळ्या सोडणाऱ्या, ओढणाऱ्या हजारोंना काही होत नाही. त्याने शक्यता वाढते, निकाल लागत नाही. दादाचाही दोष धरू नका. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, माहीत नाही.

निघताना त्यांनी ताकाचा पेला पुढे केला. "हे तरी चालतं ना?" असं विचारलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा जरा हसल्या. मी म्हटलं, "चालतं. औषध म्हणून नका देऊ, आवडतं म्हणून द्या." ओट्यावर पुतण्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळून बसला होता. वहिनी आतून विचारत होत्या, "किती आलं रे?" त्याने आकडा सांगितला. त्यांनी तो कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलने लिहिला. आधीच्या चौकटींतही तसे आकडे होते.